फेरेट, लर्चर आणि टेरियर यांच्या साह्याने सशांची शिकार : इंग्लंडमध्ये राहणाऱ्या नवशिक्यांसाठी

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या प्राण्यांसाठी वापरतो, आणि इंग्लंडच्या शेतावर प्रथमच जाणाऱ्या मराठी माणसाची गल्लत तेथूनच सुरू होते. आपल्या माळावरचा ससा बीळ खणत नाही. तो गवतात अंगापुरता खळगा करून बसतो आणि संकट आले की पायांच्या भरवशावर पळत सुटतो. त्याच्या इंग्लंडमधल्या भाऊबंदाला ‘हेअर’ म्हणतात आणि या लेखाचा विषय तो नाही. येथे ज्याविषयी लिहिले आहे तो ‘रॅबिट’, म्हणजे जमिनीखाली बिळांचे जाळे खणून त्यात गोतावळ्याने राहणारा ससा. तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. मध्ययुगात नॉर्मन लोकांनी त्याला मांस आणि कातडी यांसाठी इंग्लंडमध्ये आणून राखीव कुरणांत पाळले. ही कुरणे इतकी मोलाची होती की नॉरफोक परगण्यात थेटफर्डजवळ रखवालदारासाठी सुमारे १४०० साली बांधलेला दगडी बुरूजवजा वाडा आजही उभा आहे. पुढे हा ससा कुरणांतून निसटला, देशभर पसरला आणि शेतकऱ्याच्या कोवळ्या गव्हावर जगू लागला. फेरेट या मुंगसासारख्या लांबट पाळीव प्राण्याकडून त्याला बिळातून बाहेर काढण्याची रीत त्या कुरणांइतकीच जुनी आहे.

ही रीत थोडक्यात अशी. फेरेट बिळात शिरतो, ससा घाबरून दुसऱ्या तोंडाने बाहेर झेपावतो आणि तोंडावर लावलेल्या जाळीत अडकतो. जाळी चुकवून निसटलेल्या सशाला लर्चर हा वेगवान संकरित कुत्रा धरतो. टेरियर हा छोटा कुत्रा काटेरी झुडपांत दडलेले ससे उठवून देतो. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात वर्षातले चार महिने शिकार आणि बाराही महिने जनावरांची निगा असा हा व्यवहार आहे, आणि ज्याला निगेचा कंटाळा आहे त्याने यात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानातल्या सशाची शिकार हा गुन्हा आहे. मराठवाड्यातल्या कारवानी कुत्र्याचा आणि लर्चरचा शरीरबांधा पाहिला तर दोघे नजरेने सावज धरणाऱ्या एकाच घडणीचे आहेत हे लगेच ध्यानात येते. तरीही येथे वाचलेले गावाकडे जाऊन करून पाहण्याचा विचार कोणीही करू नये. हा लेख इंग्लंड आणि वेल्सपुरता आहे. स्कॉटलंडमध्ये कुत्र्यांच्या साह्याने होणाऱ्या शिकारीविषयी २०२३ साली नवा आणि अधिक कडक कायदा झाला आहे, त्यामुळे तेथे राहणाऱ्यांनी तो वेगळा अभ्यासावा.

पहिली पायरी : परवानगी

इंग्लंडमध्ये बेवारस जमीन नसते. ओसाड दिसणारा टेकडीचा उतारदेखील कोणाच्या तरी मालकीचा असतो, आणि त्यावरून पायवाट गेली असली तरी तिच्यावरून चालण्याचा हक्क म्हणजे शिकारीचा हक्क नव्हे. हंटिंग ॲक्ट २००४ ने कुत्र्यांच्या साह्याने रानटी सस्तन प्राण्यांची शिकार करण्यास मनाई केली. त्यातून उंदीर आणि रॅबिट यांना सूट आहे, परंतु ही सूट जमीन स्वतःची असेल किंवा मालकाने परवानगी दिली असेल तरच लागू होते. हेअरला ही सूट नाही. २०२२ साली झालेल्या कायद्याने कुत्रे घेऊन हेअरच्या मागे परक्या जमिनीत शिरण्याविरुद्धच्या तरतुदी आणखी कठोर केल्या. लर्चर घेऊन ग्रामीण रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे पोलीस संशयाने पाहतात ते यामुळेच. म्हणून परवानगी तोंडी न ठेवता लेखी घ्यावी, त्यात शेताचे नाव, हद्द आणि मुदत नमूद करून घ्यावी आणि ती नेहमी खिशात ठेवावी.

परवानगी मिळवण्याचा उत्तम काळ म्हणजे उन्हाळ्याचा शेवट, कापणी उरकल्यानंतरचा. शेतकऱ्याच्या दारात कुत्रे घेऊन उभे राहू नये. आधी एकट्याने जाऊन ओळख करून द्यावी, आपण कोठे राहतो आणि काय करू इच्छितो ते सांगावे. १९५४ च्या पेस्ट्स ॲक्टनुसार जवळजवळ संपूर्ण इंग्लंड आणि वेल्समध्ये आपल्या जमिनीवरचे ससे आटोक्यात ठेवण्याची जबाबदारी जमीन कसणाऱ्यावर आहे. त्यामुळे बंदुकीचा आवाज न करता आणि विष न वापरता हे काम करून देणारा माणूस पुष्कळांना हवाच असतो. सर्वांना तो हवा असतो असे मात्र नाही. नॉरफोक आणि सफोकच्या सीमेवरील ब्रेकलँडमध्ये सशांनी कुरतडून आखूड राखलेल्या गवतावर दुर्मीळ वनस्पती आणि स्टोन कर्ल्यू नावाचा पक्षी तगून असतो, आणि तेथे ससे उलट हवेसे असतात. १९५३ साली आलेल्या मिक्सोमॅटोसिस रोगाने ब्रिटनमधील बहुतेक सर्व ससे मारले होते, आणि १९९० नंतर सशांचा रक्तस्रावी रोग आला. काही भागांत ससा आता पूर्वीसारखा मुबलक राहिलेला नाही. मालकाने ‘दहाच काढा’ म्हटले तर दहाच काढावेत.

परवानगी मिळाली की लगेच जाळ्या घेऊन धावू नये. दोन-तीन वेळा संध्याकाळी नुसते जाऊन बसावे. ससे कोठे चरतात, कोणत्या बांधाखाली शिरतात, गुरे कोठे आहेत, काटेरी तार कोठे आहे, हे पाहून एका कागदावर नकाशा काढावा. बिळाचे तोंड ओळखायला शिकावे. सशाच्या बिळाचे तोंड साधारण १० ते १५ सेंटिमीटर रुंद आणि गोलसर असते, आणि आसपास वाटाण्याएवढ्या कोरड्या लेंड्या पडलेल्या असतात. २५ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद, आडवे पसरट तोंड, बाहेर मातीचा मोठा ढीग आणि त्यात ओढून टाकलेले वाळके गवत दिसले तर ते बॅजरचे, म्हणजे बीळ खणून राहणाऱ्या एका मोठ्या रानटी प्राण्याचे, घर समजावे आणि तेथून दूर व्हावे. १९९२ च्या कायद्याने बॅजरच्या घराशी कोणतीही ढवळाढवळ करणे हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी अशा बिळात गेलेला फेरेट परत येईल याची शाश्वती नसते.

दुसरी पायरी : फेरेट

फेरेट हा पाणमांजराच्या कुळातला प्राणी. युरोपातील रानटी पोलकॅटपासून माणसाने त्याला दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवले. नराला हॉब, मादीला जिल आणि पिल्लांना किट म्हणतात. आपल्याकडच्या वाचकाने मुंगूस डोळ्यांसमोर आणावे, पण स्वभाव मात्र वेगळा धरावा. चांगला हाताळलेला फेरेट खांद्यावर झोपतो. न हाताळलेला बोटाला धरून लोंबकळतो.

नवशिक्याने दोन जिल पाळाव्यात. एकच पाळली तर ती एकाकी पडते आणि दिवसभराच्या कामाला पुरत नाही. हॉब अंगाने जवळजवळ दुप्पट भरतो, जाळीच्या छिद्रांतून बाहेर येताना जाळीच ओढून नेतो आणि सशाला आतच मारण्याइतका बळकट असतो. सडपातळ जिल जाळी न विस्कटता तिच्यातून बाहेर पडते. रंग शक्यतो पांढरा किंवा फिकट निवडावा, कारण झुडपात हलणारा तपकिरी फेरेट उतावळ्या कुत्र्याला ससाच वाटू शकतो. पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्यावर घ्यावे. ज्याच्या घरची पिल्ले रोज हाताळली जातात आणि ज्याच्या खुराड्याला उग्र दर्प येत नाही अशा माणसाकडूनच घ्यावे.

पिंजरा सावलीत, वाऱ्याच्या झोताबाहेर आणि जमिनीपासून वर असावा. आत कोरडे गवत भरलेली अंधारी निजण्याची खोली आणि बाहेर हिंडायला ऐसपैस जागा हवी. फेरेट एकच कोपरा शौचासाठी ठरवतो, तो रोज साफ केला की दुर्गंधीची बहुतेक तक्रार मिटते. थंडी त्याला सोसते, उष्मा सोसत नाही. तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की त्याचा जीव धोक्यात येतो, आणि उन्हात बंद मोटारीत ठेवलेला फेरेट काही मिनिटांतच कोसळू शकतो.

आहार पूर्ण मांसाहारी असावा. त्याचे आतडे आखूड असते आणि खाल्लेले तीन-चार तासांत बाहेर पडते, म्हणून अन्न दिवसातून एकदाच ढीगभर न देता विभागून द्यावे. अखंड ससा, कोंबडीची एक दिवसाची मृत पिल्ले, किंवा फेरेटसाठीच बनवलेले कोरडे खाद्य चालते. पूर्वी इंग्लंडमध्ये दुधात भिजवलेला पाव देण्याची चाल होती. तिने फेरेटला हगवण लागते आणि तो खंगतो. जुनी माणसे अजूनही ती सुचवतील, त्यांचे बाकीचे सारे ऐकावे आणि एवढे ऐकू नये.

आता एक गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण तिच्या अज्ञानापायी दरवर्षी फेरेट मरतात. वसंतात दिवस मोठा होऊ लागला की जिल माजावर येते, आणि समागम झाला नाही तर तिचा माज आपोआप ओसरत नाही. शरीरात इस्ट्रोजेन साचत जाते, अस्थिमज्जा रक्त तयार करणे थांबवते आणि ती रक्तक्षयाने दगावते. यावर तीन सुरक्षित उपाय आहेत. पहिला, नसबंदी केलेल्या हॉबशी समागम करवणे. दुसरा, पशुवैद्याकडून दर वसंतात संप्रेरकाचे इंजेक्शन देणे. तिसरा, कातडीखाली संप्रेरकाची कांडी बसवणे. पिल्ले हवी असतील तरच खऱ्या हॉबकडे न्यावे. गर्भकाळ सुमारे ४२ दिवसांचा असतो आणि एका वेताला सहा-आठ पिल्ले होतात, तेव्हा त्यांच्या घरांची सोय आधीच झालेली असावी. याशिवाय कुत्र्यांचा डिस्टेंपर रोग फेरेटला हमखास मारतो, त्याच्या लसीविषयी पशुवैद्याशी बोलून घ्यावे. माणसाचा फ्लूही त्याला होतो. आपण शिंकत असू तर त्या आठवड्यात पिंजरा घरातल्या दुसऱ्या कोणी साफ करावा.

उन्हाळ्यात जन्मलेला फेरेट त्याच हिवाळ्यात कामाला लावता येतो. त्याआधी त्याला बागेत जमिनीवर ठेवलेल्या पाइपांतून खेळवावे, आणि तो बाहेर आला की सावकाश, खालून हात घालून उचलावे. झडप घालून उचलले तर तो हाताला भिऊ लागतो. असा फेरेट पुढे बिळाच्या तोंडाशी येऊन डोके काढतो, हात पाहतो आणि पुन्हा आत सरकतो, आणि माणूस तेथे गुडघ्यांवर ताटकळत राहतो.

तिसरी पायरी : लर्चर

लर्चर ही ठरीव जात नसून मिश्रण आहे. एका बाजूला ग्रेहाउंड, व्हिपेट, सालुकी यांसारखा नजरेने धावणारा कुत्रा आणि दुसऱ्या बाजूला मेंढ्या राखणारा कोली किंवा बेडलिंग्टनसारखा टेरियर असतो. पहिल्याकडून वेग येतो, दुसऱ्याकडून डोके. फेरेटबरोबरच्या कामासाठी व्हिपेट आणि बेडलिंग्टन यांचे मिश्रण, खांद्याशी २० ते २३ इंच उंचीचे, मला सर्वांत सोयीचे वाटते. कुंपणाशेजारच्या चिंचोळ्या जागेत ससा बिळापर्यंत वीस-पंचवीस पावलेच पळतो. तेथे उंच, लांब दमाच्या सालुकीच्या संकराला वळायलाच जागा मिळत नाही.

पिल्लाला प्रथम बोलावल्यावर येणे आणि सांगितल्यावर बसून राहणे शिकवावे. हे पक्के झाल्याशिवाय त्याला ससा दाखवू नये. दुसरा धडा पाळीव जनावरांचा. मेंढ्या, कोंबड्या आणि गुरे यांच्यातून दोरीवर रोज फिरवून त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लावावी. मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला शेतकऱ्याने गोळी घातली तर विशिष्ट परिस्थितीत कायदा शेतकऱ्याच्याच बाजूने उभा राहतो. हाडे भरेपर्यंत, म्हणजे साधारण वर्षाचा होईपर्यंत, कुत्र्याला जोरात धावू देऊ नये.

तिसरा धडा फेरेटचा, आणि सर्वांत नाजूक तोच. पिल्लू लहान असतानाच त्याला रोज फेरेटच्या पिंजऱ्याजवळ बसवावे. मग फेरेट हातात धरून एकमेकांना हुंगू द्यावे, आणि पुढे दोघांना बागेत देखरेखीखाली मोकळे सोडावे. फेरेटने नाकाला चावा घेतला तरी कुत्रा मागे सरतो, उलट झडप घालत नाही, हे अनेकदा पाहिल्यावरच त्याला बिळापाशी न्यावे. यासाठी महिने लागतात. घाई करू नये, कारण येथे झालेली एकच चूक फेरेटच्या जिवावर बेतते.

चांगल्या लर्चरची सर्वांत मोठी सेवा धावण्यात नसून सांगण्यात आहे. बिळात ससा असेल तर तो तोंडाशी थबकतो, मान तिरपी करून नाक रोखतो, एखाद्याचा पुढचा पाय अधांतरी राहतो. रिकाम्या बिळावरून तो सरळ पुढे जातो. या खुणेवर विश्वास ठेवायला शिकल्यावर माझा निम्मा दिवस वाचू लागला. पहिल्या हंगामात मी कुत्र्याने नाकारलेल्या बिळांवर हट्टाने जाळ्या लावत असे आणि रिकाम्या हाताने घरी येत असे.

टेरियर

जॅक रसेल, बॉर्डर, पॅटरडेल, लेकलँड, बेडलिंग्टन ही नेहमी ऐकू येणारी नावे आहेत. यांतले जॅक रसेल हे नाव डेव्हन परगण्यातील धर्मोपदेशक जॉन रसेल यांच्यावरून पडले, आणि त्यांनी १८१९ मध्ये ऑक्सफर्डला विद्यार्थी असताना घेतलेली ट्रम्प नावाची कुत्री त्या वंशाची आद्यमाता मानली जाते. हे कुत्रे कोल्ह्याच्या बिळात शिरण्यासाठी जोपासले गेले. सशांच्या कामात मात्र टेरियरने जमिनीवरच राहायचे असते. सशाचे बीळ त्याला अरुंद पडते, तो अडकतो आणि गुदमरू शकतो. शिवाय कुत्र्याला जमिनीखाली सोडण्यावर कायद्याने कडक मर्यादा घातल्या आहेत, आणि त्या सवलती नवशिक्यासाठी नाहीत.

टेरियरचे खरे काम ब्रॅम्बल आणि गॉर्स यांच्या काटेरी झुडपांत आहे. कोरड्या दिवशी पुष्कळ ससे बिळात न जाता अशा झुडपांत पडून राहतात. टेरियर आत घुसून नाकाने माग काढतो, भुंकून आपला ठिकाणा सांगतो आणि ससा मोकळ्यावर काढतो, आणि तेथे लर्चर उभा असतो. फेरेट सोडण्याआधी सभोवतालची झुडपे टेरियरकडून झाडून घेतली तर तेथले ससे बिळात शिरतात आणि पुढचे काम एकाच जागी होते. त्यानंतर मात्र टेरियरला दूर, पायांचे दणके पोहोचणार नाहीत अशा ठिकाणी बांधावे. तो जाळ्यांवर उभा राहून बीळ उकरू लागला तर एकही ससा बाहेर येणार नाही. दोन्ही कुत्रे एकदम सांभाळणे पहिल्या वर्षी जमत नाही. मी सुरुवात एका लर्चरने करायला सांगेन.

साहित्य

पर्स नेट म्हणजे तोंडाशी दोरी ओवलेली, बटव्यासारखी आवळली जाणारी छोटी जाळी. दोन टोकांना कड्या, दोरीच्या टोकाला लाकडी खुंटी. अशा तीस जाळ्यांनी सुरुवात करावी. नायलॉनच्या जाळ्या कुजत नाहीत, तागाच्या हाताला बऱ्या वाटतात पण प्रत्येक वेळी वाळवाव्या लागतात. खुंट्यांना भडक रंग द्यावा. लाँग नेट नावाची पन्नास-शंभर यार्डांची जाळी कुंपणाच्या कडेने उभी करतात, पण ती पुढच्या हंगामासाठी ठेवावी.

फेरेट शोधण्याचे यंत्र हे ज्यावर हात आखडता घेऊ नये असे एकमेव साहित्य आहे. फेरेटच्या गळ्यात छोटा प्रेषक असतो आणि हातातला ग्राहक त्याची जागा व खोली दाखवतो. पूर्वी दोरी बांधलेला हॉब सोडून, दोरी किती आत गेली त्यावरून अंदाजाने खणत. त्याहून जुन्या काळी फेरेटचे तोंड बांधून त्याला आत पाठवत, म्हणजे त्याने ससा आतच मारून खात बसू नये, पण असा फेरेट बिळात अडकला किंवा त्याच्यावर हल्ला झाला तर निमूट मरे. ती क्रूर चाल गेली हे उत्तम झाले. याखेरीज अरुंद पात्याचे खोरे, हाताने माती काढायची कर्णी, हवेशीर लाकडी पेटी, पाणी, कुत्र्यासाठी मलमपट्टी आणि विजेरी एवढे पुरे.

शिकारीचा दिवस

हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. त्याआधी पाला दाट असतो आणि बिळाची तोंडे दिसत नाहीत. त्यानंतर बिळांत पिल्ले असतात. दिवस थंड, कोरडा आणि मंद वाऱ्याचा निवडावा. वादळी पावसात ससा बाहेर पडायला नाखूश असतो आणि वाऱ्याच्या आवाजात आपल्यालाही आतली धडपड ऐकू येत नाही. आदल्या संध्याकाळी फेरेटला नेहमीपेक्षा थोडे हलके खाऊ घालावे. उपाशी फेरेट ससा मारून खात बसतो, तुडुंब भरलेला आत झोपतो.

१. सहा-सात तोंडांचे एखादे लहान बीळ निवडावे. पन्नास तोंडांच्या जुन्या वसाहतीला पहिल्या वर्षी हात लावू नये.

२. वारा तोंडावर घेऊन चालत जावे. बोलू नये, खुणांनी काम करावे, पाय आपटू नयेत, मोटारीचे दार धाडकन लावू नये. ससा कानांनी ऐकतोच, शिवाय जमिनीच्या कंपनानेही जाणतो.

३. कुत्र्याला फिरवून खूण घ्यावी. त्याने होकार दिला तरच जाळ्या काढाव्यात.

४. प्रत्येक तोंडावर जाळी पसरावी. खालची कड तोंडात किंचित खोचावी, वरची सैल अंथरावी आणि खुंटी वरच्या बाजूस घट्ट ठोकावी. लावलेल्या जाळ्या मोजाव्यात आणि आकडा लक्षात ठेवावा. मग गवत विंचरत दहा पावले बाहेरपर्यंत शोधावे, कारण मातीचा ढीग नसलेले, गवताने झाकलेले एखादे चोरवाटेचे तोंड हमखास राहून गेलेले असते आणि पहिला ससा नेमका तेथूनच जातो.

५. प्रेषक चालू आहे का ते ग्राहकावर तपासून फेरेटच्या गळ्यात बसवावा. पट्टा निसटणार नाही आणि आवळणारही नाही इतपत असावा. जाळीची कड उचलून फेरेट आत सोडावा आणि जाळी पुन्हा नीट करावी. एका वेळी एकच सोडावा, दुसरा पेटीत विश्रांतीला ठेवावा.

६. तोंडांच्या समोर उभे राहू नये. बाजूला किंवा मागे, सावली बिळावर पडणार नाही असे थांबावे. कुत्रा आपल्या पायाशी बसलेला असावा.

यानंतर वाट पाहायची. कधी अर्ध्या मिनिटात, कधी वीस मिनिटांनी जमिनीखाली घुमल्यासारखा दबका आवाज येतो आणि ससा जाळीत येऊन आदळतो. तत्काळ जाऊन एका हाताने ससा धरावा, पायाने ते तोंड बंद करावे आणि विलंब न लावता त्याची मान मोडून त्याला मारावे. हे कृत्य वाचून करू नये. अनुभवी माणसाकडून आधी मेलेल्या सशावर शिकून घ्यावे आणि हात बसेपर्यंत तोच माणूस बरोबर ठेवावा. सशाचे प्राण क्षणात गेले पाहिजेत, ही अट मी इतर साऱ्या कौशल्यांच्या वर ठेवतो. मग त्या तोंडावर लगेच नवी जाळी लावावी.

फेरेट बाहेर आला तर थोडा थांबून शांतपणे उचलावा. काही वेळाने तो पुन्हा आत जाऊ इच्छित नसेल तर बीळ रिकामे झाले असे बहुधा समजावे. मात्र तो बराच वेळ आलाच नाही आणि ग्राहकावरची जागाही हलत नाही, तर त्याने ससा कोपऱ्यात गाठला आहे किंवा मारून तो त्याच्याजवळ बसला आहे. यंत्राने नेमकी जागा काढून वरून सरळ खणावे, शेवटची वीतभर माती खोऱ्याने न काढता हाताने काढावी, आणि भोक पडल्यावर आधी हात घालून फेरेट कोठे आहे ते पाहावे. काम झाल्यावर खड्डा बुजवून वरची हिरवळ पूर्ववत बसवावी. उघड्या खड्ड्यात गाईचा पाय मोडला तर परवानगी गेलीच समजा.

माझ्या पहिल्या डिसेंबरमध्ये असा एक प्रसंग आला. प्रेषकाची बॅटरी मी तपासली नव्हती. दुपारी दोनला आत गेलेली जिल चारला, अंधार पडेतो, बाहेर आली नाही आणि ग्राहक मुका होता. एका म्हाताऱ्या शेतमजुराने सांगितल्याप्रमाणे इतर तोंडे मातीने बंद केली, एका तोंडाशी तिची पेटी गवत आणि मांसाचा तुकडा घालून ठेवली आणि पहाटे सहाला परत गेलो. ती पेटीत गोल होऊन झोपली होती. हा उपाय बहुतेक वेळा लागू पडतो. पण फेरेट सोडून घरी निघून जाणे आणि परत न जाणे हा अक्षम्य गुन्हा आहे. सुटलेला फेरेट जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा नाश करतो आणि वेल्समधून हळूहळू पुन्हा पसरत असलेल्या रानटी पोलकॅटमध्ये संकर होतो.

घरी परतण्यापूर्वी

जाळ्या मोजून उचलाव्यात. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत शोधावे, कारण विसरलेल्या जाळीत अडकलेला ससा किंवा पक्षी तेथेच तडफडून मरतो. सशाच्या पोटाखाली अंगठा दाबून मूत्राशय रिकामे करावे, शक्य तितक्या लवकर आतडी काढावीत आणि ससे हवेशीर टांगावेत. यकृतावर पांढरे ठिपके किंवा पोटात पाण्याचे फुगे दिसले तर ते अवयव कुत्र्याला कच्चे घालू नयेत, अशा फुग्यांतून पट्टकृमी होतात. डोळे सुजलेला, सुस्त ससा मिक्सोमॅटोसिसचा असतो. तो खाऊ नये, वेदनेतून मात्र लगेच सोडवावा. निरोगी सशाच्या मांसात चरबी फार कमी असते, त्यामुळे मोठ्या आचेवर ते चिवट होते. वाटण लावून मंद आचेवर दीड-दोन तास शिजवले की हाडापासून सुटते, आणि काळ्या मसाल्याचा रस्सा त्याला शोभून दिसतो.

कुत्र्याच्या पायांची बोटे आणि छातीची कातडी काटेरी तारेच्या ओरखड्यांसाठी चाचपून पाहावी. फेरेटच्या अंगावरचे पिसवा-गोचीड काढावेत, नखांतली माती धुवावी, त्याला कोरडे करून पोटभर खाऊ घालावे. आपण स्वतः आंघोळीला त्यानंतर जावे.

फेब्रुवारीत ज्या दिवशी हाती आलेल्या मादी सशाला दूध असल्याचे दिसेल, त्याच दिवशी हंगाम थांबवावा, मग तारीख कोणतीही असो. जाळ्या धुऊन, वाळवून, उंदीर पोहोचणार नाहीत अशा उंचीवर टांगाव्यात, शेतकऱ्याला भेटून काढलेल्या सशांचा आकडा सांगावा, आणि त्याच आठवड्यात दोन्ही जिलसाठी पशुवैद्याची वेळ घेऊन ठेवावी, कारण मार्च उजाडला की त्यांचा माज सुरू होतो.